इंजिनमधली टिकटिक: दोष ई-२० पेट्रोलचा की आणखी कशाचा?

यवतमाळ, पुसद, वणी किंवा पांढरकवड्यातल्या कुठल्याही गॅरेजवर अर्धा तास थांबा. कोणीतरी गाडी उभी करतं आणि म्हणतं, "भाऊ, हे वीस टक्केवालं पेट्रोल आलं तेव्हापासून इंजिन टिकटिक करून राहिलं." मेकॅनिक मान हलवतो आणि टॅपेटचं झाकण खोलायला घेतो. कधी आवाज जातो, कधी जात नाही. पण दोष पेट्रोलचाच, यावर दोघांचं आधीच एकमत झालेलं असतं.

पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचं लक्ष्य आधी २०३० चं होतं. ते अलीकडे ओढलं गेलं आणि २०२५ मध्ये पूर्णही झालं. त्यानंतर ॲव्हरेज, पिकअप, आवाज, स्टार्टिंग अशा गाडीच्या सगळ्याच तक्रारी ई-२० च्या खात्यावर जमा होऊ लागल्या. यातल्या काही खऱ्या आहेत. पण प्रत्येक आवाजाला एकच उत्तर दिलं की दोन नुकसानं होतात. इंजिनचा खरा बिघाड तसाच राहतो, आणि ई-२० विरुद्धची जी रास्त तक्रार आहे तीही कमजोर होते.

म्हणून टिकटिक नेमकी कशी ओळखायची आणि त्यात पेट्रोलचा हात किती, हे नीट बघू.

आधी गाडी कोणत्या इंधनावर चालते ते बघा

हे सांगायची गरज पडू नये, पण पडते. पिकअप, ट्रॅक्टर किंवा वणीकडचा कोळशाचा ट्रक डिझेलवर चालतो. त्याच्या टाकीत ई-२० जातच नाही. डिझेल इंजिनला मुळातच एक टिकटिक असते, कारण त्यात दाबलेल्या गरम हवेत डिझेल फवारलं जातं आणि ते झटक्यात पेटतं. तो आवाज अचानक वाढला तर इंजेक्टर, ऑइल, टॅपेट हे तपासायचं. पेट्रोलची चर्चा तिथेच संपते.

मग ऑइल

टिकटिकीचं सगळ्यात स्वस्त निदान म्हणजे डिपस्टिक. गाडी सपाट जागेवर उभी करा, इंजिन बंद करून काही मिनिटं थांबा आणि पातळी बघा. बाईकमध्ये डिपस्टिक पूर्ण फिरवून बघायची की नुसती टेकवून, हे मॉडेलप्रमाणे बदलतं. मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं.

ऑइलचा पंप खाली असतो आणि व्हॉल्व्ह, कॅमशाफ्ट वर असतात. ऑइल कमी झालं की वरच्या भागाची आबाळ आधी होते, आणि टिकटिक तिथूनच सुरू होते. डॅशबोर्डवरचा लाल ऑइलचा दिवा बहुतेक गाड्यांत पातळी दाखवत नाही, दाब दाखवतो. म्हणजे तो लागेपर्यंत उशीर झालेला असतो. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ च्या आसपास जातो. तापलेलं, जुनं झालेलं ऑइल आणखी पातळ होतं. सर्व्हिसिंग दोन-तीन हजार किलोमीटर पुढे ढकललेलं असेल, तर मे महिन्यातल्या टिकटिकीसाठी इथेनॉल शोधायची गरज नाही.

आवाज कधी येतो, हे लिहून ठेवा

सॉफ्टवेअरमध्ये बग शोधताना पहिला प्रश्न असतो, "नेमकं काय केल्यावर होतं?" इंजिनलाही तोच प्रश्न विचारायचा.

- सकाळी सुरू करताच काही सेकंद वाजून थांबतं: रात्रभरात ऑइल खाली उतरलेलं असतं, ते वर पोहोचेपर्यंतचा आवाज. काही सेकंदांतच गेला तर बहुधा काळजी नको.
- थंड असताना वाजतं, गाडी तापल्यावर हळूहळू जातं: सायलेन्सरचा पाइप इंजिनला जोडतो तिथे गळती असण्याची शक्यता. तापल्यावर धातू फुगतो आणि फट मिटते.
- थंड असताना शांत, तापल्यावर वाजतं: ऑइल पातळ झालंय किंवा दाब कमी पडतोय.
- सतत एकसारखी, वरच्या बाजूने हलकी टिकटिक: टॅपेटचा गॅप वाढलेला असू शकतो.
- चढावर किंवा जोरात ॲक्सिलरेटर दिल्यावर बारीक खडखड: हे नॉकिंग असू शकतं.
- खालून जड, ठोकल्यासारखा आवाज: गाडी चालवू नका. बेअरिंगचं काम असू शकतं, आणि चालवलेला प्रत्येक किलोमीटर खर्च वाढवतो.

ॲक्सिलरेटर दिला तरी आवाजाचा वेग बदलत नसेल, तर तो बहुधा इंजिनच्या फिरत्या भागांचा नाही. टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनकडे सोडणारा पर्ज व्हॉल्व्हही टिकटिक करतो. तो त्याचा नेहमीचा आवाज आहे.

मोबाईलने मोजता येतं

कार ९०० आरपीएमवर आयडल आहे असं धरा. म्हणजे क्रँकशाफ्ट सेकंदाला १५ फेऱ्या मारतो आणि १० सेकंदांत १५०. कॅमशाफ्ट त्याच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणजे १० सेकंदांत ७५.

आता १० सेकंदांचा आवाज मोबाईलवर रेकॉर्ड करा आणि ऑडॅसिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडा. लाटेतले टोकदार सुळके मोजा. साधारण ७५ भरले तर आवाज कॅमच्या तालावर आहे: एखादा टॅपेट, एखादा इंजेक्टर किंवा एका सिलिंडरची एक्झॉस्ट गळती. १५० भरले तर क्रँकच्या तालावर आहे, म्हणजे संशय खाली सरकतो.

या मोजणीने भाग सापडत नाही, फक्त यादी छोटी होते. जागा शोधायला मेकॅनिकची जुनी युक्तीच चांगली: रबरी नळीचं एक टोक कानाशी, दुसरं इंजिनजवळ फिरवायचं. पंखा, बेल्ट आणि तापलेला सायलेन्सर यांच्यापासून हात आणि नळी लांब ठेवा.

आणि टॅपेटचाच दोष निघाला, तर "आवाज बंद होईपर्यंत टाइट करा" असं मेकॅनिकला सांगू नका. छोट्या बाईकमध्ये हा गॅप साधारण ०.०५ ते ०.१० मिमी असतो, म्हणजे केसाएवढा. तो इंजिन थंड असताना फिलर गेजने, कंपनीच्या आकड्याप्रमाणेच ठेवायचा. गॅप मोठा असेल तर टॅपेट वाजतो. गॅप कमी असेल तर तो गप्प राहतो, व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि जळतो. गप्प टॅपेट जास्त महाग पडतो.

आता ई-२०: काय करू शकतं, काय नाही

इथेनॉलमध्ये ऊर्जा कमी असते. लिटरमागे पेट्रोलच्या जेमतेम दोन-तृतीयांश. त्यामुळे ॲव्हरेज घटणार, हे सरकारी कागदांतही आहे. निती आयोगाच्या जून २०२१ च्या आराखड्यात ई-१० साठी जुळवलेल्या जुन्या कारसाठी ६ ते ७ टक्के आणि तशाच दुचाकीसाठी ३ ते ४ टक्के घट धरली होती. पेट्रोलियम मंत्रालयानेही ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितलं की काही जुन्या गाड्यांत २० ते ३० हजार किलोमीटरनंतर रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात. म्हणजे ॲव्हरेज आणि रबर, या दोन तक्रारींना आधार आहे.

तिसरी गोष्ट हवा-इंधनाच्या प्रमाणाची. ई-१० वरून ई-२० वर गेल्यावर तेवढ्याच हवेला साधारण ४ टक्के जास्त इंधन लागतं. ऑक्सिजन सेन्सर असलेली इंजेक्शनची गाडी हे स्वतः जुळवून घेते. स्कॅनरवर 'फ्युएल ट्रिम' नावाचा आकडा असतो, त्यात ही वाढ दिसते. जुन्या कार्ब्युरेटरच्या बाईकला असं जुळवून घेता येत नाही. ती थोडी उपाशी चालते, जास्त तापते, सकाळी सुरू व्हायला कटकट करते.

पण टिकटिक? टॅपेटचा गॅप, ऑइलची पातळी, पाइपची गळती यांच्याशी पेट्रोलमधल्या इथेनॉलचा थेट संबंध नाही. आणि नॉकिंगच्या बाबतीत तर गणित उलटं आहे. इथेनॉलमुळे ऑक्टेन वाढतं, मंत्रालयाच्या म्हणण्यानुसार पूर्वीच्या ९१ वरून ९५ पर्यंत, आणि ऑक्टेन जास्त म्हणजे नॉकिंग कमी.

मग लोकांना दोन्ही एकत्र का दिसतं? कारण ज्या वर्षभरात पेट्रोल बदललं, त्याच वर्षभरात गाडीही एका वर्षाने जुनी झाली.

खरी अडचण: तुलनाच करता येत नाही

एखादा बदल दोषी आहे का, हे तपासायची सोपी पद्धत आहे. तो बदल मागे घ्या आणि बघा. यवतमाळच्या गाडीवाल्याला हे करता येत नाही. पंपावर ई-२० सोडून परवडणारा दुसरा पर्याय जवळजवळ नाही. इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय मिळावा, अशी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. त्यामुळे ग्राहकाला आरोप सिद्ध करता येत नाही, आणि सरकारने "काही होत नाही" म्हटलं तर तेही त्याला आपल्या गाडीवर पडताळता येत नाही.

दुसरी अडचण गॅरेजची. उमरखेडहून यवतमाळ शंभरेक किलोमीटर. झरी-जामणीच्या माणसाने अधिकृत सर्व्हिस सेंटरसाठी दिवस मोडायचा का? तो गावातल्या मेकॅनिककडेच जाणार. त्या मेकॅनिकचा साधा स्कॅनर कोड वाचतो, पण कंपनीची पूर्ण माहिती उघडत नाही. हा प्रश्न जुना आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड सुनावला होता. सुटे भाग, निदानाची साधनं आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजना मिळू न देणं, हे त्यामागचं मुख्य कारण होतं. पुढे हे प्रकरण अपिलात गेलं. इंधन देशभर बदलून झालं, पण त्याचा परिणाम मोजायची साधनं अजून तालुक्याच्या गॅरेजपर्यंत नीट पोहोचलेली नाहीत.

आणि स्कॅनरवर कोड नाही म्हणजे इंजिन ठीक, असंही नाही. ईसीयू ऑक्सिजन, तापमान, क्रँकचा वेग मोजतो. टॅपेट ऐकायला त्याच्याकडे कान नाही. तो कान मेकॅनिककडे आहे.

तर काय करायचं?

एक वही ठेवा, किंवा मोबाईलमध्ये नोंद करा: पेट्रोल भरल्याची तारीख, किलोमीटर, लिटर, ऑइल कधी बदललं, आवाज कधी सुरू झाला, थंड की गरम. सोबत १० सेकंदांचं रेकॉर्डिंग. क्रम साधा ठेवा: ऑइल, मग आवाजाची वेळ, मग ताल, मग जागा. इंजिन खोलणं सगळ्यात शेवटी. गाडी ई-२० ला चालते का, हे कंपनीकडून लेखी घ्या.

एवढं करून टिकटिकीचं कारण ऑइल निघालं, तर इंजिन खोलायचा खर्च वाचला. सगळं तपासूनही ॲव्हरेज घटलेलंच राहिलं किंवा पेट्रोलची नळी फुगून गळू लागली, तर तुमच्या हातात तारीखवार नोंदी असतील. ग्राहक मंचात किंवा कंपनीसमोर नुसत्या "पेट्रोलनं झालं" पेक्षा त्या नोंदींना जास्त वजन असतं.