कापडाचा भाव आणि महागाईचा हिशेब

कापडाच्या भावाची तुलना तीन प्रकारे होते. पहिली तुलना छापील किमतींची असते: पूर्वी अमुक रुपये मीटर, आज तमुक. दुसरी तुलना कापडाचा भाव आणि एकूण महागाई यांच्यातली असते. तिसरी तुलना मालाच्या दर्जाची असते, म्हणजे त्याच पैशात किती सूत, किती पन्ना आणि किती टिकाऊपणा मिळतो याची. पेढीवरची चर्चा बहुधा पहिल्या तुलनेपाशी थांबते. त्यामुळे कापड महागले की स्वस्त झाले, याचे उत्तर अनेकदा चुकते.

दुसऱ्या तुलनेसाठी लागणारी साधने सहज उपलब्ध आहेत. औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकाचे पायाभूत वर्ष १९८२ होते, नंतर ते २००१ आणि पुढे २०१६ झाले. जुन्या मालिकेवरून नव्या मालिकेवर येताना जोड-गुणक वापरतात. १९८२ वरून २००१ साठी तो ४.६३ आहे आणि २००१ वरून २०१६ साठी २.८८. समजा, १९८२ मध्ये एखादा शर्ट १०० रुपयांना होता. तो फक्त सर्वसाधारण महागाईच्या गतीने वाढला असता, तर २००१ मध्ये ४६३ रुपये आणि २०१६ मध्ये सुमारे १,३३३ रुपये झाला असता. २०२४ च्या अखेरीस हा निर्देशांक १४३ च्या आसपास होता, म्हणजे तोच शर्ट जवळपास १,९०० रुपयांचा ठरतो. तेवढ्याच तोडीचा शर्ट आज हजार-बाराशे रुपयांत मिळत असेल, तर लेबलावरचा आकडा दहा-बारा पट होऊनही शर्ट प्रत्यक्षात स्वस्त झाला आहे. घरखर्चातला कपड्यांचा वाटाही याच दिशेने सरकला. याच निर्देशांकात कपडे, अंथरूण-पांघरूण आणि पादत्राणे यांचा भार १९८२ च्या मालिकेत ८.५४ टक्के होता. २००१ मध्ये तो ६.५७ आणि २०१६ मध्ये ६.०८ टक्के झाला.

कापडाची मोठी भाववाढ दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अनुभवास आली. १९३९ ते १९४३ या काळात गिरणीच्या कापडाचे भाव सुमारे पाचपट झाले. लष्कराची मागणी, बंद पडलेली आयात आणि साठेबाजी ही त्याची कारणे होती. जून १९४३ मध्ये सुती कापड व सूत नियंत्रण आदेश निघाला. कमाल भाव ठरले आणि ते कापडावर छापणे बंधनकारक झाले. जानेवारी १९४८ मध्ये नियंत्रण उठताच भाव इतके उसळले की त्याच वर्षी ते पुन्हा लावावे लागले. पुरवठा वाढल्याशिवाय नियंत्रण उठवले तर काय होते, याचा हा धडा होता.

दुसरा धडा १९६४ नंतरचा आहे. त्या वर्षी धोतर, साडी, लाँगक्लॉथ, शर्टिंग आणि ड्रिल या पाच प्रकारांवर किंमत-नियंत्रण आले आणि गिरण्यांना ठरावीक प्रमाणात ‘नियंत्रित कापड’ विणणे भाग पडले. हा माल तोट्यात जाई आणि तो तोटा इतर मालाच्या भावातून भरून काढावा लागे. शासकीय यादीतले कापड कागदोपत्री स्वस्त राहिले, पण त्याचा दर्जा उतरला. महागाई भावात दिसली नाही, ती कापडाच्या पोतात शिरली.

खरी स्वस्ताई आली ती विणकामाचे ठिकाण आणि धागा या दोन्हींत झालेल्या बदलांमुळे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, तरी बाजारात कापडाचा दीर्घ तुटवडा झाला नाही. भिवंडी, मालेगाव आणि इचलकरंजीच्या यंत्रमागांनी ती जागा घेतली. तिथे मजुरी पिकावर, म्हणजे विणलेल्या आडव्या धाग्यांच्या संख्येवर ठरे, व्यवस्थापनाचा खर्च कमी असे आणि माल मागणीनुसार बदलता येई. १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणाने या बदलाला मान्यता दिली. दरम्यान पॉलिएस्टर प्रतिष्ठेच्या मालातून रोजच्या वापरात उतरले. टिकाऊ, लवकर वाळणारे आणि इस्त्रीचा खर्च वाचवणारे हे कापड सुतीपेक्षा स्वस्त झाले, तेव्हा साडीपासून शाळेच्या गणवेशापर्यंत सर्वत्र पोहोचले. २००० च्या धोरणाने विणलेल्या कापडाचे तयार कपडे लघुउद्योगाच्या राखीव यादीतून काढले आणि मोठ्या उत्पादनाचा मार्ग मोकळा झाला.

अमेरिकेत हा प्रवाह आणखी पुढे गेला. तिथे कपड्यांच्या निर्देशांकाचे पायाभूत वर्ष १९८२-८४ आहे. १९९० च्या दशकात तो १३० च्या पुढे गेला आणि तीस वर्षांनंतरही त्याच घरात आहे. त्याच काळात सर्वसाधारण निर्देशांक ३०० च्या पार गेला. आशियातून येणारा स्वस्त माल आणि २००४ च्या अखेरीस संपलेली आयात-कोट्यांची पद्धत ही त्याची प्रमुख कारणे आहेत. भारतात तसे घडू शकले नाही, कारण कापड मुळातच देशात, देशी मजुरीवर तयार होत होते. परदेशी स्वस्त मजुरीमुळे होणारी बचत इथे फारशी उरलेली नव्हती. म्हणून २०१२ पायाभूत वर्षाच्या ग्राहक किंमत निर्देशांकात कपडे-पादत्राणे गट (भार ६.५३ टक्के) आणि सर्वसाधारण निर्देशांक जवळपास बरोबरीने चालले. २०२४ च्या अखेरीस दोन्ही १९० च्या वर होते. आधीच्या दशकांतली सापेक्ष स्वस्ताई या काळात थांबली, हे व्यापाऱ्याने लक्षात घेण्याजोगे आहे.

कच्च्या मालाचा धक्का किरकोळ भावापर्यंत कसा पोहोचतो, हे २०२०-२२ च्या घटनांवरून समजते. २०२० च्या उत्तरार्धात ३५६ किलोच्या खंडीला रुईचा भाव चाळीस हजार रुपयांच्या आसपास होता. मे २०२२ मध्ये तो एक लाखावर गेला. किलोमागे ११२ रुपयांवरून २८१ रुपये झाले. सुती शर्टाला कताई आणि कटाईतली घट धरून सुमारे ३३० ग्रॅम रुई लागते असे मानले, तर एका शर्टामागे वाढ झाली ५५ रुपयांच्या आसपास. हजार रुपयांच्या शर्टात ही वाढ साडेपाच टक्के भरते, दोनशेच्या बनियनमध्ये मात्र रुईचा वाटा मोठा असल्याने टक्केवारी कितीतरी जास्त पडते. स्वस्त मालाच्या गिऱ्हाइकाला धक्का आधी आणि जोरात बसतो तो याच कारणाने.

धक्का उशिराही बसतो. रुईचा भाव मे महिन्यात शिखरावर होता, पण कपडे-पादत्राणे गटाची महागाई १० टक्क्यांवर गेली ती सप्टेंबर-ऑक्टोबर २०२२ मध्ये. सूत, ग्रे कापड, रंगाई, शिलाई, ठोक आणि किरकोळ अशा प्रत्येक टप्प्यावर जुना साठा संपेपर्यंत काही आठवडे जातात. पुढे रुई पन्नास-साठ हजारांवर उतरली, तरी कपड्यांचा निर्देशांक खाली आला नाही, फक्त वाढीचा वेग २०२४ च्या अखेरीस तीन टक्क्यांखाली आला. मधल्या काळात मजुरी, वीज, वाहतूक आणि दुकानभाडे वाढलेले होते आणि रुईची बचत त्यांनी गिळली.

करही भावाला आकार देतो. जुलै २०१७ पासून हजार रुपयांपर्यंतच्या कपड्यावर ५ टक्के आणि त्यावर १२ टक्के जीएसटी होता. महागाई वाढत राहिली, मर्यादा आठ वर्षे तिथेच राहिली. २०१७ च्या हजार रुपयांची किंमत २०२५ पर्यंत साडेचौदाशेच्या आसपास गेली होती, त्यामुळे तोच साधा माल दरवर्षी थोडाथोडा वरच्या दरात ढकलला गेला. त्यापासून वाचण्यासाठी अनेकांनी भाव मर्यादेखाली धरून ठेवला आणि कापड हलके केले. २२ सप्टेंबर २०२५ पासून मर्यादा अडीच हजार झाली आणि त्यावरचा दर १८ टक्के. आता २,५०० रुपयांच्या नगाला करासह २,६२५ रुपये पडतात आणि २,५०१ रुपयांच्या नगाला सुमारे २,९५१. एका रुपयाने गिऱ्हाइकाचे बिल ३२६ रुपयांनी वाढते. लगीनसराईच्या मालाचे भाव ठरवताना ही पायरी डोळ्यांसमोर हवी. ही मर्यादाही महागाईशी जोडलेली नाही, म्हणून काही वर्षांत तोच पेच पुन्हा उभा राहील.

तिसरी तुलना दर्जाची. भाव तोच ठेवून पीक कमी करणे, जाड सुताऐवजी बारीक सूत वापरणे, सुतीत पॉलिएस्टर वाढवणे, शिवणीत कापड कमी सोडणे हे सारे भाववाढीचेच प्रकार आहेत. निर्देशांकासाठी भाव गोळा करताना ठरावीक वर्णनाचा माल पाहिला जातो, तरी असे बारकावे त्यातून निसटू शकतात. गिऱ्हाइकाच्या ते चार धुण्यांनंतर लक्षात येतात आणि तक्रार दुकानदाराकडे येते.

यातून व्यवहाराचे काही नियम निघतात. खरेदीच्या वहीत भावासोबत काऊंट, पीक, पन्ना आणि वजनही नोंदवावे, म्हणजे पुढच्या वर्षीची तुलना एकाच मालाची होईल. भाव मीटरमागे आणि किलोमागे, असा दोन्ही प्रकारे लिहावा, कारण हलके झालेले कापड किलोच्या भावातच उघडे पडते. रुईच्या तेजीमंदीकडे चार-पाच महिन्यांच्या अंतराने पाहावे आणि मंदीतून मिळणारी बचत गृहीत धरू नये. विक्रीची वाढ मोजताना उलाढालीच्या रुपयांतून कपड्यांची महागाई वजा करावी. उलाढाल सहा टक्क्यांनी वाढली आणि कपडे तेवढेच महागले, तर धंदा वाढलेला नसतो, नगांची संख्या होती तिथेच असते.