एक पंजा की चार?

‘कुत्रा पंजे चावतो म्हणजे त्याला कंटाळा आलाय. कडू स्प्रे मारा आणि दोन खेळणी आणा.’ या आठवड्यात एका सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटातला हा सल्ला माझ्यापर्यंत पोहोचला. खाली पसंतीच्या अंगठ्यांची रांग होती. मला याचा मनापासून राग येतो. ज्या जनावराच्या पायांची आग होतेय, त्याला आपण रिकामटेकडं ठरवतो आणि वर त्याच्या तोंडात कडू घालतो.

कुत्र्यांच्या कानांवरच्या माझ्या आधीच्या लेखानंतर अनेकांनी कळवलं, की कान तपासताना लक्षात आलं, पंजेही लाल आहेत. तसंच असणार. वारंवार दुखणारे कान आणि चावलेले पंजे बहुतेकदा एकाच आजाराची लक्षणं असतात, हे मी तेव्हाही लिहिलं होतं.

म्हणून डॉक्टरांकडे जाण्याआधी एकच गोष्ट नीट बघा : कुत्रा एक पंजा चावतोय की जास्त? निम्मं निदान या फरकात आहे.

एकच पंजा असेल तर त्या पंजात काहीतरी घडलंय. पाऊस सरला की टेकड्यांवरचं आणि मोकळ्या प्लॉटवरचं गवत वाळतं, कुसळं सुटतात. कुसळाची घडण अशी, की ते पुढेच सरकतं, मागे येत नाही. बोटांच्या बेचक्यात शिरलं की वरून केस जसेच्या तसे दिसतात, आत मात्र पू धरतो. फोड येतो, फुटतो, सुकल्यासारखा वाटतो आणि पुन्हा वर येतो. जोवर कुसळ आत आहे तोवर मलमाचा उपयोग नाही. ते काढावंच लागतं. नाहीतर बेचक्यात गोचीड बसलेली असते, नख मुळाशी चिरलेलं असतं, काच रुतलेली असते, दुपारच्या डांबरावर पायाची गादी भाजलेली असते. म्हातारं कुत्रं पुढच्या पायाचं मनगट चाटत बसलं असेल, तर आत सांधा दुखत असू शकतो.

दोन्ही पुढचे पंजे किंवा चारही पंजे चावत असेल, तर दुखणं सगळ्या कातडीचं आहे आणि पहिला संशय अ‍ॅलर्जीवर घ्यायचा. धुळीतले सूक्ष्म कीटक, परागकण, पिसवा, खाण्यातलं एखादं प्रथिन. क्लोद फाव्रो आणि सहकाऱ्यांनी २०१० साली अ‍ॅटोपी, म्हणजे अ‍ॅलर्जीचा त्वचारोग, ओळखण्याचे निकष मांडले. पुढच्या पंजांना त्रास, कानाच्या पाळीला त्रास, तीन वर्षं वयाच्या आत सुरुवात आणि बहुतांश वेळ घरातला वावर, हे सगळं त्यांत आहे. लॅब्राडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, पग पाळणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. या जातींना हा त्रास जास्त होतो.

अशा कुत्र्याचा पंजा उलटा धरून बोटं फाकवून बघा. बेचकं लालभडक, नखांच्या मुळाशी तपकिरी चिकट थर, जवळ नेलं की आंबूस वास. फिकट केस तांबूस झालेले दिसतील; तो लाळेतल्या पोर्फिरिन या रंगद्रव्याचा डाग, म्हणजे चाटणं बरेच दिवस चाललंय. चाटून ओल राहते, ओलीत मॅलॅसेझिया नावाचं यीस्ट माजतं, त्याने खाज आणखी वाढते. कोकणपट्टीच्या दमट हवेत हे चक्र आपोआप तुटत नाही.

‘पण तो रिकामा असतानाच चावतो,’ असं सांगतात. खाज आपल्यालाही निवांत बसल्यावरच जास्त जाणवते. कंटाळ्याने आणि एकटेपणाने चाटणारी कुत्री असतात, मी नाकारत नाही. पण तो निष्कर्ष बाकी सगळं तपासून झाल्यावर काढायचा.

आणि फिनेल! लादीवरच्या रसायनाने पंजे चुरचुरणं हे तुलनेने कमी आढळणारं कारण, हे मला मान्य आहे. तरी जो प्राणी दिवसभर अनवाणी चालतो आणि तेच पाय चाटतो, त्याच्या घरात उग्र वासाच्या लादीचा हट्ट कशाला? साध्या पाण्याने पुसा.

आता उपाय. फिरून आल्यावर पंजे कोमट पाण्यात धुवा आणि बेचकी कोरडी करा. धुऊन ओले सोडणं हे न धुण्याहून वाईट. पिसवा-गोचिडींचं औषध बारा महिने चालू ठेवा. डॉक्टरांना बेचक्यातला नमुना सूक्ष्मदर्शकाखाली बघायला सांगा. काही मिनिटांत यीस्ट की जिवाणू ते कळतं. क्लोरहेक्सिडिनचा शॅम्पू दिला तर दहा मिनिटं लावून ठेवा, लगेच धुऊ नका. खाण्यातली अ‍ॅलर्जी शोधायची चाचणी सांगितली तर ती किमान आठ आठवडे, आणि त्यात पोळीचा तुकडाही चालत नाही. आजी-आजोबांना हे आधी समजवा. खाज थांबवायला ओक्लासिटिनिबच्या गोळ्या आणि लोकिव्हेटमॅबचं इंजेक्शन आहे. चाटू नये म्हणून गळ्यात घालतात तो कोन जखम भरेपर्यंतच. घरातलं गजकर्णाचं मलम लावू नका : त्यात अनेकदा तीव्र स्टेरॉइड असतं आणि ते थेट पोटात जातं. टी ट्री ऑइल तर विषारीच. आयबुप्रोफेनही देऊ नका.

डॉक्टरांकडे जाताना तीन गोष्टी लिहून न्या : कोणता पंजा, कधीपासून, आणि ठरावीक ऋतूत की वर्षभर. एवढ्यावर चांगला पशुवैद्य निम्मी वाट चालून जातो. कडू स्प्रेचे पैसे त्या तपासणीला लावा.