वैशाखातील सावलीचा हिशेब

मृगाचा पाऊस तोंडावर आला की हिंगोली जिल्ह्यातही झाडे लावण्याची बोलणी सुरू होतात. शाळेच्या आवारात किंवा नव्या घरकुलापुढे कोणते रोप लावावे, असा प्रश्न निघाला की पहिले नाव अनेकदा गुलमोहराचे येते. त्याची लाल फुले सर्वांनी पाहिलेली असतात आणि रोप झपाट्याने वाढते, एवढी दोन कारणे त्याच्या निवडीला पुरतात. निवड फुलांवरून होते आणि सावलीचा विचार मागे राहतो. हा क्रम उलटा केला पाहिजे. कार्यकर्त्यांनी याकडे केवळ बागेच्या हौसेचा प्रश्न म्हणून पाहू नये.

सावली कोणाला आणि केव्हा लागते, येथून सुरुवात करू. मे महिन्यात येथे पारा चाळिशीपलीकडे जातो. ज्याच्याजवळ पक्के छत, कूलर आणि त्याच्या विजेचे पैसे आहेत, त्याला अंगणातील झाड ही शोभा असते. पत्र्याच्या घरात राहणाऱ्या शेतमजुराला, त्याच्या घरातील म्हाताऱ्या माणसांना, झोळीतील मुलाला आणि दाराशी बांधलेल्या शेळीला तेच झाड दुसरे छप्पर असते. प्रधानमंत्री आवास योजनेने ग्रामीण घरकुलाचे किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर ठरविले. एवढ्या जागेत पाच-सहा माणसांची उन्हाळी दुपार निघत नाही; ती अंगणातच काढावी लागते. सावली ही जीवनावश्यक वस्तू आहे. परंतु तिला बाजारभाव नाही, म्हणून ती कोणत्याच हिशेबात धरली जात नाही.

आता या गरजेच्या महिन्यांशेजारी झाडांचे वेळापत्रक मांडून पाहावे. मादागास्करहून जगभर पसरलेला गुलमोहर उन्हाळ्याच्या पूर्वार्धात उघडाबोडका असतो. फुलतो तेव्हाही त्याची पालवी विरळच असते. तो दाट छाया धरतो ती पावसाळ्यात, म्हणजे ऊन सरल्यावर. शिवाय त्याची मुळे उथळ आणि फांद्या ठिसूळ असल्यामुळे वळवाच्या वाऱ्यात तो पत्र्यावर कोसळण्याची धास्ती असते. देशी झाड निवडले म्हणजे प्रश्न सुटला, असेही नाही. पळस आणि पांगारा निष्पर्ण अवस्थेत फुलतात. बहावा पिवळ्या घोसांनी लवतो तेव्हा त्याच्या अंगावर पाने थोडीच असतात. ताम्हण हे महाराष्ट्राचे राज्यफूल. ते पानांसह फुलते, पण मुळात ओढ्याकाठच्या ओलीचे झाड आहे. उन्हाळ्यात जेथे पिण्याचे पाणीच दुरून आणावे लागते, तेथे ते कोणाच्या पाण्यावर जगवायचे?

याउलट कडुनिंबाची पानगळ आटोपून गुढीपाडव्याच्या सुमारास त्याला कोवळी पालवी आणि बारीक पांढरा मोहोर येतो. करंज फाल्गुनाच्या आसपास थोडे दिवस पाने टाकतो आणि चैत्रात तकतकीत पालवी धरतो. नंतर त्याच्याखाली फिकट जांभळट फुलांचा सडा पडतो. करंज काळ्या भारी जमिनीतही तग धरतो, मुळांवरील गाठींतून जमिनीला नत्र देतो; त्याच्या बियांचे तेल निघते आणि पेंड खताला उपयोगी पडते. बकुळ बाराही महिने हिरवी असते आणि तिच्या फुलांचा वास सुकल्यावरही राहतो. मात्र ती फार सावकाश वाढते. गरिबाच्या अंगणात फूल नको, असे कोणी म्हणत नाही. फुलाबरोबर वैशाखात पानही असलेच पाहिजे, एवढीच अट आहे.

झाड कोठे लावावे, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. हिंगोली सुमारे १९.७ उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या १८-१९ तारखेच्या सुमारास मध्यान्हीचा सूर्य येथे थेट डोक्यावर येतो आणि भिंतीची सावली नाहीशी होते. त्यानंतरचे कडक ऊन पश्चिमेकडून, किंचित उत्तरेकडे कललेले येते. म्हणून झाड घराच्या पश्चिमेस हवे. दक्षिणेचे झाड थंडीतील हवेहवेसे ऊन मात्र अडवील. काळी माती उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि झाडाची मुळे तिची उरलीसुरली ओल शोषतात. त्यामुळे पाया खचू नये म्हणून भिंतीपासून पंधरा-वीस फूट अंतर सोडावे.

येथे खरी अडचण उभी राहते. एवढे अंतर सोडण्याइतके अंगण घरकुलाला कोठे असते? शिवाय दुपारनंतर सावली पूर्वेकडे सरकते; म्हणजे माझ्या झाडाची सावली पूर्वेच्या शेजाऱ्याला मिळते आणि मला मिळायची ती पश्चिमेच्या शेजाऱ्याच्या झाडाची. अशा वस्तूची निवड प्रत्येक घराने स्वतःपुरती करून भागत नाही. ओळीतील चार घरांनी मिळून, मधल्या मोकळ्या जागेत एक करंज लावणे अधिक शहाणपणाचे आहे.

दुसरी अडचण मालकीची आहे. बकुळीसारखे सावकाश वाढणारे झाड लावणे म्हणजे दीर्घ मुदतीची गुंतवणूक. गायरानावर राहणाऱ्या ज्या कुटुंबाच्या पायाखालची जागा नावावर नाही, त्याला पंधरा वर्षांनंतरच्या सावलीचा उपदेश करणे व्यर्थ आहे. त्याने कापणीतून लागणारा आणि लवकर शेंगा देणारा शेवगा लावला, तर तो अडाणीपणा नव्हे, तो त्याच्या परिस्थितीचा अचूक हिशेब आहे. जागेचा हक्क मिळवून देणे हा वृक्षसंवर्धनाचाच भाग मानावा लागेल. तोवर शेवग्याशेजारी करंज लावावा. एकाने आज भाजी द्यावी, दुसऱ्याने पुढे सावली.

तिसरी अडचण पाण्याची. दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेली कुटुंबे परत येईपर्यंत उन्हाळा लागलेला असतो आणि रोप वाळलेले असते. २०१९ साली राज्य सरकारने ३३ कोटी वृक्षलागवडीचे उद्दिष्ट जाहीर केले होते. तो आकडा लावायच्या रोपांचा होता. दुसरा उन्हाळा पार केलेल्या झाडांची मोजणी गावाला स्वतःलाच करावी लागेल.

आपल्या शाखांनी येत्या पावसाळ्यात एवढे करावे. वस्तीतील घरांची दिशा आणि मोकळी जागा पाहून आधी कच्चा नकाशा काढावा. रोपवाटिकेत करंज, कडुनिंब आणि जेथे पाण्याची व जागेची शाश्वती आहे तेथे बकुळ मागावी. रोपाशेजारी मातीचे मडके पुरावे, काटेरी कुंपण करावे आणि स्थलांतरित कुटुंबाच्या रोपाला पाणी घालण्याची जबाबदारी मागे राहणाऱ्या शेजाऱ्याकडे नावानिशी सोपवावी. गुलमोहर लावायचाच असेल तर घरांपासून दूर, मोकळ्या मैदानाच्या कडेला लावावा. तेथे तो डोळ्यांना सुखच देईल. पुढच्या आणि त्याच्या पुढच्या वैशाखात दुपारी दोन वाजता वस्तीत जाऊन कोणती रोपे जगली आणि माणसे कोठे बसली आहेत, ते पाहावे. आपल्या कामाचे मूल्यमापन त्यावरून करावे.