आकाशातला इफ्तार

रमजानमध्ये उमऱ्याला निघालेल्या रोजादाराला विमानात हमखास प्रश्न पडतो : रोजा सोडायचा कधी? मुंबईच्या मगरिबला की जेद्दाच्या? दोन्हींना नाही. खिडकीतून सूर्य दिसतोय तोवर इफ्तार नाही. उंचावर तो उशिरा मावळतो. म्हणूनच २०११ मध्ये दुबईच्या मुफ्तींनी बुर्ज खलिफाच्या ८०व्या मजल्यावरच्या लोकांना दोन, तर १५०व्याच्या वरच्यांना तीन मिनिटं जास्त थांबायला सांगितलं. विमान तर त्याहून कितीतरी उंच, शिवाय पश्चिमेकडे जाणारं. दिवस लांबतच जातो.

एमिरेट्ससारखी कंपनी विमानाची जागा आणि उंची पाहून वेळ काढते, कॅप्टन ती जाहीर करतो. इफ्तारच्या डब्यात खजूर, पाणी असतं. इतरत्र ‘मुस्लिम मील’ निदान २४ तास आधी सांगून ठेवावं. त्यानं हलाल जेवण मिळतं, पण ते वेळेवर हवं तर ‘रोजा आहे’ हे चढतानाच सांगावं. पर्समध्ये चार खजूर असावेतच.

आणि घरातल्या मधुमेही बुजुर्गांना आठवण द्या : सफरमध्ये रोजा न ठेवण्याची सवलत सूरह बकरात अल्लाहनंच दिली आहे. कजा नंतर करता येते.