पाळणाघराचा हिशेब

चार श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या. त्यांच्यावर कामगार चळवळीत जो वाद झाला, तो मुख्यतः कामगार कपात, मुदतीच्या नेमणुका आणि संपाचा हक्क या मुद्द्यांभोवती फिरला आणि ते स्वाभाविकही होते. मात्र या गदारोळात एका लहानशा कलमाकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. १९४८ च्या कारखाना कायद्यातील अठ्ठेचाळिसाव्या कलमानुसार तीसहून अधिक स्त्रिया काम करीत असलेल्या कारखान्यात सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघर ठेवणे मालकावर बंधनकारक होते. मूळ कायद्यात ही संख्या पन्नास होती. १९७६ च्या दुरुस्तीने ती तीसवर आणली गेली. आता तो कायदाच रद्द झाला असून सामाजिक सुरक्षा संहितेच्या सदुसष्टाव्या कलमात पन्नास कर्मचाऱ्यांची अट आहे. २०१७ साली प्रसूति-लाभ कायद्यात जी तरतूद आली होती, ती राहिली. १९४८ ची मात्र गेली. म्हणजे चाळीस बायका कामाला असलेल्या एखाद्या शिवणकामाच्या वा मासळी सोलण्याच्या कारखान्यात काल जे बंधन होते, ते आज उरलेले नाही.

हे नुकसान आहे हे निःसंशय. परंतु गेलेल्या कलमासाठी केवळ गळा काढणे समाजवाद्यांना शोभणार नाही. त्या कलमाचा खरा इतिहास काय, हे आधी पाहिले पाहिजे.

मुंबईच्या कापड गिरण्यांत १९२० नंतरच्या दशकात कामगारांपैकी सुमारे पाचवा हिस्सा स्त्रियांचा होता. कामावर जाताना तान्ह्या मुलाला अफूची गोळी चाटवून झोपविण्याची पद्धत त्या काळच्या चाळींतून सर्रास होती; ‘बाळगोळी’ हे तिचे गोड नाव. गिरणी कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाची जी वैद्यकीय पाहणी त्या दशकाच्या आरंभी झाली, तिच्यात याची नोंद आहे. पुढे मुंबई कायदेमंडळात प्रसूति-लाभाचे विधेयक आले. १९२८ साली त्यावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बाळंतपणातील विश्रांती ही मालकाची मेहेरबानी नसून राष्ट्राच्या हिताची गोष्ट आहे, ही भूमिका मांडली, आणि तिचा भार मुख्यतः सरकारने उचलावयास हवा असेही सुचविले. १९२९ मध्ये कायदा झाला. पण भार पडला तो मालकावर, आणि तोही मालकाने कामावर ठेवलेल्या स्त्रियांच्या संख्येच्या प्रमाणात. त्याचा परिणाम अर्थशास्त्राच्या कोणत्याही विद्यार्थ्याला आधीच सांगता आला असता. स्त्री कामगार जेवढी महाग, तेवढी तिची मागणी कमी. रात्रपाळीवरची बंदी, यंत्रांचे आधुनिकीकरण, स्त्रिया ज्यांत काम करीत ती खाती बंद पडणे अशी इतर कारणेही होतीच. परंतु बाईला कामावर ठेवणे म्हणजे खर्चाला आमंत्रण, ही मालकांची समजूत या काळात पक्की झाली आणि गिरण्यांतील स्त्रियांचे प्रमाण दर दशकाला घसरत गेले. १९८२ च्या संपाच्या वेळी तर गिरणी कामगार म्हटले की डोळ्यांसमोर पुरुषच उभा राहत असे.

पाळणाघराच्या कलमाने हाच दोष पुढे चालविला. तीसहून अधिक स्त्रियांवर पाळणाघर लागते ना? मग तीसच ठेवा. एकतिसावी लागली तर ती कंत्राटदाराच्या पटावर दाखवा. विडीच्या धंद्यात तर मालकांनी याहून सोपा मार्ग काढला. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने कारखान्यातील सोयींचे बंधन घालताच कारखाना आटोपता घेऊन पाने आणि तंबाखू बाईच्या घरी धाडायची! सोलापूरच्या वस्त्यांतून मांडीवर सूप घेऊन विड्या वळणारी बाई आणि तिच्या शेजारी त्याच तंबाखूच्या धुरळ्यात रांगणारे मूल हे दृश्य कायदा नसल्यामुळे निर्माण झालेले नाही. कायद्याने खर्चाचा बोजा चुकीच्या खांद्यावर टाकल्यामुळे त्याला बळ मिळाले आहे.

या दृष्टीने पाहिले तर स्त्रियांऐवजी सर्व कर्मचारी मोजण्याचे तत्त्व पुरोगामी आहे. मूल बापाचेही असते, हे कायद्याच्या भाषेने निदान मोजणीत तरी मान्य केले. दोष तत्त्वात नाही, पन्नास या आकड्यात आहे. या देशातील उद्योगांपैकी फार मोठा भाग पन्नासच्या खालीच राहतो, आणि जो वर आहे तो कागदोपत्री खाली कसा राहावा याची कला अवगत करून बसला आहे. खुद्द संहितेतच केंद्र सरकारला नियमाद्वारे निराळी संख्या ठरविण्याचा अधिकार दिलेला आहे. तो वापरून ही संख्या वीसवर आणावी, आणि त्याहून लहान आस्थापनांनी एकत्र येऊन औद्योगिक वसाहतीत सामाईक पाळणाघर चालवावे, अशी मागणी कामगार संघटनांनी आताच केली पाहिजे. सामाईक पाळणाघराची मुभा संहितेत आहेच. मुभेचे रूपांतर सक्तीत व्हावे एवढेच.

पण पाळणाघर म्हणजे नेमके काय? हा प्रश्न चळवळीत क्वचितच विचारला जातो. कायद्यात शब्द आला, भिंतीवर पाटी लागली की विजय झाला असे मानण्याची सवय जडली आहे. कारखान्याच्या कोपऱ्यात, भांडारगृहाला लागून एक खोली, तिच्यात दोन गंजलेले पाळणे आणि निरीक्षक येण्याच्या दिवशी कुठून तरी आणून बसविलेली एक म्हातारी, अशी पाळणाघरे जुन्या कामगार नेत्यांच्या परिचयाची आहेत. जुन्या अठ्ठेचाळिसाव्या कलमात पुरेसा उजेड आणि वारा, स्वच्छता, बालसंगोपनाचे शिक्षण घेतलेली स्त्री, मुलाचे कपडे धुण्या-बदलण्याची सोय, दूध वा खाऊ, आणि आईला ठरावीक वेळाने अंगावर पाजण्याची सवड या साऱ्यांचा उल्लेख होता. २०१७ च्या दुरुस्तीने आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाण्याचा हक्क दिला आणि २०१८ साली केंद्र सरकारने किमान मार्गदर्शक सूचनाही काढल्या. सूचना वाईट नाहीत. तीन वर्षांखालील दहा मुलांमागे एक सेविका, असे प्रमाण त्यांत सांगितले आहे.

या प्रमाणाचा अर्थ प्रत्यक्ष कामाच्या भाषेत लावून पाहावा. दहा तान्ही मुले आणि एक बाई. त्यांतल्या एकाने कपडे खराब केले, तर बाई त्याला उचलून मोरीवर नेणार. तेवढा वेळ नऊ मुले कोणाच्याही नजरेखाली नाहीत. एकाला ताप भरला, तर त्याला वेगळे निजवायचे कोठे, आईला निरोप कोणी द्यायचा, दवाखान्यात कोणी न्यायचे? म्हणून पाळणाघराचा पहिला नियम असा असला पाहिजे की मुले कितीही थोडी असोत, तेथे दोन प्रौढ माणसे नेहमी हजर असतील. दुसरा नियम नोंदवहीचा. मूल कोणी आणून सोडले, किती वाजता, येताना त्याच्या अंगावर काही खूण वा पुरळ होते काय, सकाळी काय खाल्ले, आणि संध्याकाळी त्याला न्यायला येण्याचा अधिकार कोणाकोणाला आहे, हे रोज लिहिले गेले पाहिजे. चूल मुलांच्या खोलीत नको. पाण्याची पिंपे झाकलेली हवीत. औषधाची बाटली आणि फिनेल एका फळीवर नको. या गोष्टी क्षुल्लक वाटतात, आणि संपादकीयात त्यांची चर्चा कशाला, असेही एखाद्याला वाटेल. परंतु रेल्वे ज्याप्रमाणे निशाण दाखविण्याच्या नियमांवर चालते, स्टेशनमास्तरच्या सद्भावनेवर चालत नाही, त्याप्रमाणे पाळणाघरही नियमांवर चालते. ममता हवीच, पण दुपारी तीन वाजता, सहा मुले एकदम रडू लागल्यावर, ममतेला शिस्तीचा आधार लागतो.

नोव्हेंबर २०१६ मध्ये नवी मुंबईतील खारघर येथील एका खाजगी पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला झालेली मारहाण चित्रफितीतून बाहेर आली आणि मध्यमवर्ग हादरला. त्यानंतरची चर्चा मात्र बव्हंशी कॅमेऱ्यांवर येऊन थांबली. कॅमेरा गुन्हा दाखवितो. तो मुलाला उचलून घेत नाही. त्या सेविकांना पगार किती मिळतो, त्यांचे शिक्षण झाले आहे काय, एकीच्या वाट्याला किती मुले येतात आणि तिला दिवसात विश्रांती किती, हे प्रश्न कॅमेऱ्याच्या मागणीइतक्या जोराने विचारले गेले नाहीत.

सरकारी योजनेचा हिशेब तर याहून बोलका आहे. २०१७ च्या राष्ट्रीय पाळणाघर योजनेत एका केंद्रात पंचवीस मुले, एक सेविका आणि एक मदतनीस अशी रचना होती. केंद्र महिन्याला सव्वीस दिवस, दररोज साडेसात तास उघडे. सेविकेला महिना ३,००० रुपये आणि मदतनीस बाईला १,५०० रुपये. त्याला वेतन म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. वेतन म्हटले की किमान वेतन कायदा आठवतो. भागाकार करून पाहावा. सेविकेला दिवसाला सुमारे ११५ रुपये पडतात आणि मदतनीस बाईला ५८ रुपयांच्याही आत. त्याच वर्षी, २०१७-१८ मध्ये, महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामावर माती वाहणाऱ्या मजुराचा दर २०१ रुपये होता. ज्या समाजात पाटीभर मातीला मोल आहे आणि पंचवीस मुलांना नाही, त्या समाजाला अग्रक्रम शिकविण्याची गरज आहे.

वेळेचा हिशेबही असाच. आठ तासांची पाळी, अर्ध्या तासाची सुटी आणि जाण्यायेण्याचा निदान तासभर, असे बाईचे साडेनऊ तास घराबाहेर जातात. साडेसात तासांचे पाळणाघर तिच्या काय कामाचे? उरलेले दोन तास मूल थोरल्या बहिणीच्या कडेवर असते, आणि ती बहीण शाळेच्या पटावर असूनही शाळेत नसते. मुलींच्या गळतीची कारणे शोधणाऱ्या समित्यांनी या दोन तासांची चौकशी करावी.

ही योजना राज्यांकडे सोपविताना खर्चाचा मोठा वाटाही राज्यांच्या आणि स्वयंसेवी संस्थांच्या गळ्यात घालण्यात आला. काही वर्षांपूर्वी देशभरात वीस हजारांवर असलेली ही पाळणाघरे २०२० पर्यंत साडेसहा हजारांच्या आसपास उरली. त्यानंतर २०२२ मध्ये ‘पाळणा’ या नावाने नवी योजना आली आणि अंगणवाडीलाच पाळणाघर जोडून अशी सतरा हजार केंद्रे उभारण्याचे उद्दिष्ट जाहीर झाले. कल्पना योग्य आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला मुलांच्या अंगणात शाळा नेली, तिच्याशी या कल्पनेचे नाते जुळते. पण २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झालेली एकात्मिक बालविकास योजना पन्नास वर्षांनंतरही बहुतेक ठिकाणी दिवसाचे काही तासच चालते, आणि तीन वर्षांखालील मुलाच्या वाट्याला तिच्यातून घरी नेण्याचा शिधा येतो, सांभाळ येत नाही. त्याच अंगणवाडी सेविकेवर, त्याच मानधनात, आणखी एक काम लादून पाळणाघर होणार नाही. त्यासाठी स्वतंत्र माणसे आणि स्वतंत्र पैसा लागेल.

पैसा कोठून आणायचा? उत्तर देशाच्या कायद्यांतच सापडते. कामगार राज्य विमा योजनेत २०१९ पासून मालक वेतनाच्या सव्वातीन टक्के आणि कामगार पाऊण टक्का भरतो. त्यातून बाळंतपणाची रजा भागते आणि ती कोणा एका मालकाच्या खिशावर पडत नाही. बाई ठेवली काय आणि पुरुष ठेवला काय, वर्गणी तीच. म्हणून तेथे स्त्रीला टाळण्यात मालकाचा फायदा नाही. पाळणाघराचा खर्चही याच पद्धतीने सर्व वेतनपटावर वर्गणी बसवून उभा केला, तर एकतिसाव्या बाईचा प्रश्न मुळातूनच मिटतो. इमारत बांधकामावर १९९६ च्या कायद्याने एक टक्का उपकर लावला. तो गोळा झाला, पडून राहिला, आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने या निधीच्या हेळसांडीबद्दल कडक शब्दांत कानउघाडणी केली. मीरा महादेवन यांनी १९६९ मध्ये दिल्लीत बांधकामावरच्या मजुरांच्या मुलांसाठी फिरते पाळणाघर सुरू केले, तेव्हा त्यांच्यापाशी असा कोणताही निधी नव्हता. आज निधी आहे. मुंबई-पुण्याच्या कित्येक इमारतींच्या पायथ्याशी मूल मात्र अजूनही वाळूच्या ढिगावरच आहे.

ऊसतोडीचा प्रश्न याहून कठीण आहे. बीड, अहिल्यानगर आणि जालना जिल्ह्यांतून दरवर्षी निघणारे कोयते नवरा-बायको अशा जोडीनेच निघतात, आणि पहाटे फडात जाताना मूल खोपीत एकटे राहते वा उसाच्या सरीत निजते. साखर कारखाना म्हणतो, ही आमची माणसे नव्हेत, मुकादमाची. मुकादम म्हणतो, मी उचल देतो, पाळणा देत नाही. यातले अनेक कारखाने सहकारी आहेत आणि त्यांच्या संचालक मंडळांवर स्वतःला पुरोगामी म्हणविणारे अनेकजण बसलेले आहेत. प्रत्येक तळावर गाळपाच्या टनामागे थोडी रक्कम काढून दोन बायकांच्या पगारी देखरेखीखाली पाळणाघर चालविणे त्यांच्या सहज आवाक्यातले आहे. रोजगार हमीच्या कामावर मुले सांभाळण्यासाठी मजूर बायकांपैकीच एकीला पूर्ण रोज देऊन बसविण्याची पद्धत महाराष्ट्राने पाहिलेली आहे. २००५ च्या केंद्रीय कायद्यानेही सहा वर्षांखालील पाच मुले असली की अशी बाई नेमण्याची तरतूद केली होती. कर्नाटकाने २०२३ मध्ये त्याच मजुरीच्या आधाराने चार हजार ग्रामपंचायतींत ‘कूसिन मने’, म्हणजे बाळाचे घर, सुरू करण्याचे ठरविले. महाराष्ट्रात येत्या गळीत हंगामापूर्वी निदान एका जिल्ह्यातील सर्व तळांवर ही व्यवस्था करून घेण्याचा कार्यक्रम पक्षाच्या जिल्हा शाखांनी हाती घ्यावा. कारखान्याच्या वार्षिक सभा बॉयलर पेटण्याच्या आधी होतात. ठराव तेथे मांडता येतो, आणि तो मांडावयास सभासद शेतकरी लागतो. असे सभासद पक्षात आहेत.