पितळी पुंगळीची गोष्ट



तांब्याच्या बंबावरचा लेख वाचून आपल्या मंडळातल्या, नेमबाजी शिकणाऱ्या अकरावीतल्या एका मुलाने मला विचारलं, "काका, अमेरिकेत लोक लष्कराच्या जुन्या, स्वस्त पुंगळ्या घेऊन काडतुसं घरीच पुन्हा भरतात. त्यांचा नेम फार अचूक लागतो म्हणे. मग आपण का नाही करत?" प्रश्न मला आवडला, कारण त्यात धातू, खेळ आणि कायदा तिन्ही आले. शिवाय उत्तर चुकलं तर पोराच्या भविष्याशी खेळ व्हायचा.

आधी धातू. काडतुसात चार गोष्टी असतात: पुंगळी, ठिणगी देणारा प्राइमर, बारूद आणि गोळी. बार उडाला की बाकी सगळं संपतं, पुंगळी तेवढी उरते. ती असते पितळेची, साधारण ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त. बार उडताच ती क्षणभर फुगते, नळीच्या मागची बाजू बंद करते, मग किंचित आकसते आणि सहज बाहेर येते. पण दर वेळी पितळ थोडं कडक होतं आणि शेवटी तोंडाशी चिरतं. पुण्याच्या तांबट आळीत हे कुणाला शिकवावं लागत नाही. ठोकून ठोकून भांडं कडक झालं की तांबट ते तापवून पुन्हा मऊ करतो.

याच पितळेची एक गोष्ट आपल्या देशात घडली. एकोणिसाव्या शतकात इथल्या ब्रिटिश फौजेची काडतुसं पावसाळ्यात घोड्यांच्या पागेत ठेवलेली असत. पावसाळा संपल्यावर पाहावं तर न वापरताच कित्येक पुंगळ्यांना भेगा! कारण पुरतं उलगडायला १९२१ साल उजाडलं. घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया आणि पुंगळी ओढून घडवताना धातूत राहिलेला ताण, या दोघांनी मिळून पितळ फोडलं होतं. उपाय पुन्हा तांबटाचाच, बेताचं तापवून ताण काढायचा. म्हणजे जुनी पुंगळी वरून चकचकीत दिसली तरी तिच्या पोटात काय आहे ते सांगता येत नाही.

आता अचूकतेकडे येऊ. अमेरिकेत लष्कराच्या ५.५६ मिलिमीटरच्या पुंगळ्या स्वस्तात मिळतात आणि लहान कॅलिबरच्या रायफलीचे हौशी लोक त्या वापरतात. १९७५च्या सुमारास तिथल्या दोघांनी बनवलेलं '६ मिलिमीटर पीपीसी' हे काडतूस तर अचूकतेसाठी जगभर नावाजलं. गंमत म्हणजे त्याच्या पुंगळीचं मूळ शोधत गेलं तर आपण एके-४७च्या काडतुसापर्यंत पोचतो! ही मंडळी शंभर पुंगळ्या घेतात, एकेक वजन करतात, तोंडाची जाडी मोजतात आणि जी जुळत नाही ती बाजूला काढतात. अचूकता येते ती या निवडीतून. गोळी महाग की स्वस्त याला दुसरं स्थान आहे. प्रत्येक गोळी आधीच्या गोळीसारखी हवी, एवढंच सगळं गणित.

पण आपल्या मुलांचा खेळ वेगळा आहे. ५० मीटर रायफलीत पॉइंट टू-टूचं काडतूस असतं. त्यात वेगळा प्राइमर नसतो. ठिणगीचा मसाला पुंगळीच्या कडेतच भरलेला असतो आणि पिन ती कड चेपते. एकदा चेपलेली पुंगळी मोडीतच जाते. म्हणजे ज्या काडतुसावर कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने २०१० साली म्युनिकमध्ये विश्वविजेतेपद मिळवलं आणि राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ साली पॅरिसमध्ये ऑलिंपिक कांस्य जिंकलं, ते पुन्हा भरायचा प्रश्नच येत नाही.

मग हे खेळाडू करतात काय? तेही निवडतातच. एकाच कंपनीच्या गोळ्यांच्या वेगवेगळ्या लॉटमध्ये बारीक फरक असतो. रायफल शिकंज्यात घट्ट बसवायची, प्रत्येक लॉटच्या दहा-दहा गोळ्या ५० मीटरवर झाडायच्या आणि ज्या लॉटची भोकं सर्वांत जवळ पडतील तोच घ्यायचा. तिथे दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं आणि गोळी ५.६ मिलिमीटरची. केसाएवढा फरकही पदक नेतो.

आता कायदा. १९५९च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा बनवता येत नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर या गुन्ह्याला किमान सात वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप आहे. 'व्हिडिओ बघून केलं' हे कारण कोर्टात चालत नाही. आपल्याकडे हे काम कारखान्यांचं आहे. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून ते करतो आहे, आणि जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावलाही असा कारखाना आहे. आणखी एक सांगतो, रेंजवरची रिकामी पुंगळी आठवण म्हणून खिशात घालू नका. ती बॅगेच्या कोपऱ्यात राहते, विमानतळावर एक्स-रेमध्ये दिसते आणि मग आईबाबांना चौकशीच्या खोलीबाहेर बसावं लागतं.

गोळ्यांचा खर्च आईवडिलांना जड जातो, हे मला ठाऊक आहे. म्हणून सुरुवात १० मीटर एअर रायफलने करा. तिथे बारूदही नाही आणि पुंगळीही नाही, फक्त ४.५ मिलिमीटरचा शिशाचा छर्रा. आपल्या हैदराबादच्या गगन नारंगने २०१२ साली लंडनला कांस्यपदक मिळवलं ते याच प्रकारात. छर्रेसुद्धा ४.४९, ४.५०, ४.५१ अशा मापांत येतात. आपल्या रायफलीला कोणतं माप मानवतं ते प्रशिक्षकांसमोर ताडून बघा आणि निकाल वहीत लिहून ठेवा. अमेरिकेतला तो हौशी माणूस जे काम करतो त्याचा खरा गाभा एवढाच आहे: मोजणं, वेगळं काढणं आणि कंटाळा न करणं. त्याला परवाना लागत नाही.

पुढच्या महिन्यात आजीच्या अडकित्त्याविषयी. कुणाच्या घरी जुना असेल तर फोटो जरूर पाठवा.