निळीच्या पुरचुंडीचा क्लब

जानेवारी 1908 मध्ये सिडनीतल्या न्यूटाउनच्या टाउन हॉलात सभा भरली आणि रग्बी लीगचा एक क्लब जन्माला आला. वस्ती कामगारांची, जर्सी निळीशार. त्या काळी पांढऱ्या कपड्यांना द्यायची नीळ पुरचुंडीत मिळे. तिच्यावरूनच लोक या संघाला ‘ब्लूबॅग्ज’ म्हणू लागले. पुढे वस्तीवरून घरघरत जाणाऱ्या विमानांमुळे नाव पडलं ‘जेट्स’. दोन्ही नावं त्याच गल्ल्यांमधली.

या क्लबने 1910, 1933 आणि 1943 मध्ये सिडनीचं विजेतेपद मिळवलं. 1943 च्या अंतिम सामन्याला साठ हजारांवर गर्दी होती. पोलीस खात्यात नोकरी करणाऱ्या कर्णधार फ्रँक ‘बंपर’ फॅरेलच्या संघाने नॉर्थ सिडनीला 34-7 असं लोळवलं. 1981 मध्ये कर्णधार टॉमी रॉडोनिकिसचा संघ पुन्हा अंतिम सामन्यात पोहोचला आणि पॅरामाटाकडून 20-11 हरला. त्यानंतर दोनच वर्षांत पैशाचं गणित कोलमडलं. 1983 चा हंगाम संपला आणि न्यूटाउनची वरच्या स्पर्धेतली जागा गेली.

क्लब मात्र मोडला नाही. 1991 मध्ये तो खालच्या मेट्रोपॉलिटन कपमध्ये परतला, तिथून राज्याच्या दुसऱ्या फळीत आला आणि 2015 मध्ये एनआरएल या आताच्या वरच्या स्पर्धेतल्या क्रोनुला शार्क्स संघाचा ‘फीडर’ झाला.

फीडरचं काम कष्टाचं आहे. मंगळवारी एनआरएलचे संघ जाहीर होतात. ज्यांना तिथे जागा मिळत नाही ते, दुखापतीतून सावरणारे आणि संधीची वाट पाहणारे तरुण खाली खेळायला येतात. वर कुणी जायबंदी झाला की इथला चांगला खेळाडू उचलला जातो आणि प्रशिक्षकाला आठवड्याच्या मध्यात पुन्हा जुळवाजुळव करावी लागते.

म्हणूनच फीडर क्लबाला खेळाडूंचं कोठार समजणं चूक आहे. आज या फळीत बरेच संघ थेट एनआरएल क्लबांच्याच नावाने खेळतात. व्यवस्थापनाला ते सोयीचं असेल; पण खेळाडू बदलत राहतात, आणि प्रेक्षक बांधलेला असतो तो नावाशी, जर्सीशी, मैदानाशी. खेळाडू वरून येत असले, तरी हे सगळं फीडरचं स्वतःचंच राहिलं पाहिजे.

न्यूटाउनने हे जपलं आणि त्याचं फळ 2019 मध्ये दिसलं. राज्याची स्पर्धा जिंकून जेट्स क्वीन्सलंड राज्याच्या विजेत्या बर्ली बेअर्ससमोर उभे राहिले. अगदी शेवटच्या क्षणी टोबी रुडॉल्फने चेंडू गोलरेषेपलीकडे टेकवून ‘ट्राय’ केला आणि जेट्स 20-16 जिंकले. पुढच्याच वर्षी रुडॉल्फ क्रोनुलाकडून एनआरएलमध्ये उतरला. शार्क्सला खेळाडू मिळाला, न्यूटाउनला चषक.

घरचे सामने आजही हेन्सन पार्कवर होतात. जुन्या वीटभट्टीची खाण बुजवून 1933 मध्ये खुलं झालेलं हे मैदान. लोक गवताच्या उतारावर मुलाबाळांसह पसरून बसतात. ध्वनिक्षेपकावरून प्रेक्षकसंख्या जाहीर होते : 8,972. आले कितीही असोत, आकडा दरवेळी तोच असतो आणि उतारावरून दरवेळी तेवढाच जल्लोष उठतो.